सहा फर्म्यांचे रायर

तंजावरात राहून काही भव्य निर्माण करायचं म्हटलं, की पहिली अडचण राजराज चोळाची येते. त्यानं १०१० साली दोनशेहून अधिक फूट उंचीचं देऊळ उभं केलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांची पंचाईत करून ठेवली. गावात कुठंही काही करायला बसा, बृहदीश्वराचं शिखर वरून बघत असतं. अशा गावी शहाण्यानं एक तर काहीच करू नये, नाहीतर लहान करावं पण अमाप करावं. रायर दुसऱ्या वाटेनं गेले. ते दरमहा एक कादंबरी लिहितात.

रायर हे त्यांचं नाव नव्हे. तंजावरच्या मराठी देशस्थाला सगळा गावच रायर म्हणतो. खरं नाव विचारून उपयोगही नाही, कारण पुस्तकांवर ते कुठंच सापडायचं नाही. खुनाच्या कादंबऱ्यांसाठी त्यांचं एक नाव आहे, भुताटकीसाठी दुसरं, कौटुंबिक कथांसाठी एका बाईचं, आणि कॉमिक्सवर तर लेखकाचं नाव घालायला जागाच उरत नाही. घरात बोलतात ती मराठी व्यंकोजीराजांच्या फौजेबरोबर १६७५ च्या सुमारास दक्षिणेत उतरली आणि परत जायचं विसरली. तिला आता पक्का तमिळ हेल आहे. त्यात मधूनच असा एखादा शब्द येतो, की पुण्याच्या माणसाला बखर उघडावी लागते. लिहितात मात्र तमिळमध्ये. "मराठीत भांडण होतं, खून तमिळमध्येच करावा लागतो," अशी त्यांची कामाची वाटणी आहे.

वाचकांना वाटतं, कादंबरीकार आधी कथा सुचवून घेतो, मग लिहितो, मग नाव देतो, मग मुखपृष्ठ होतं. रायरांच्या धंद्यात हा क्रम नेमका उलटा चालतो. या महिन्याच्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर पुढच्या महिन्याच्या कादंबरीचं नाव छापलेलं असतं, आणि ते नाव प्रकाशकानं ठेवलेलं असतं. नावात रात्र, रक्त किंवा एखादी मुलगी असावी एवढा एकच दंडक. 'बुधवारी मरू नकोस, सुमती' असं नाव जाहीर झालं, की सुमती कोण आणि तिला बुधवारचं काय वावडं, हे शोधायला रायरांना चार आठवडे मिळतात. तोवर शिवकाशीहून मुखपृष्ठं छापून येतात. त्यावर घोड्यावर बसलेली, हातात पिस्तूल घेतलेली बाई असते. सुमती तर बँकेत कारकून. मग बँकेचा मॅनेजर घोड्यांच्या शर्यतीत बुडालेला निघतो, त्याच्याकडून थकबाकीपोटी घोडा जप्त होतो, तो बँकेच्या मागच्या अंगणात बांधला जातो, आणि पंचाहत्तराव्या पानावर सुमतीला पळून जाताना दुसरं वाहन मिळत नाही. मुखपृष्ठावर अन्याय झाला असं रायरांच्या उभ्या कारकिर्दीत कुणी म्हणू शकलेलं नाही.

कादंबरी सहा फर्म्यांची. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे शहाण्णव पानं. सत्त्याण्णवावं पान छापायचं तर अख्खा फर्मा वाढतो आणि प्रकाशकाचा रक्तदाब त्याहून जास्त. म्हणून रायरांच्या पात्रांचं आयुर्मान विधात्यापेक्षा फर्म्यावर अवलंबून असतं. मजकूर वाढतोय असं ऐंशीव्या पानावर दिसलं, की एक काका, एक वकील आणि क्वचित एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड दरीत कोसळतं. कमी पडला तर इन्स्पेक्टर कॉफी पितो. रायरांच्या इन्स्पेक्टरची कॉफी फार तपशिलानं येते. डिकॉक्शन उतरतं, दूध तापतं, डबरा आणि टंबलर यांच्यामध्ये फेसाळ धार वर-खाली होते, आणि दोन पानं भरतात. या कॉफीचं एका समीक्षकानं स्थानिक संस्कृतीचं सूक्ष्म चित्रण म्हणून कौतुक केलं होतं. रायरांनी ते कात्रण जपून ठेवलं आहे, पण प्रकाशकाला दाखवलेलं नाही.

आता त्यांचा कथाशास्त्राचा मूळ सिद्धान्त. तो कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत, तंजावरच्या बसस्थानकावर मात्र त्याची रोज परीक्षा होते. कादंबऱ्या तिथल्या टपरीवर दोरीला चिमट्यांनी लटकवलेल्या असतात आणि त्या घेणारा माणूस बहुधा तिरुचीच्या बसमध्ये चढतो. तेव्हा वल्लम यायच्या आत पहिलं प्रेत पडलंच पाहिजे. सेंगिपट्टीपर्यंत संशय चुकीच्या माणसावर पक्का व्हावा. तुवाकुडीला बसमध्ये गर्दी घुसते, वाचकाच्या खांद्यावर कुणाची तरी पिशवी येते, लक्ष उडतं, म्हणून दुसरा खून नेमका तिथं. तिरुवेरुंबूरला नायिका गोदामात एकटी सापडते. आणि बस तिरुचीच्या स्थानकात वळत असताना इन्स्पेक्टर सगळ्यांना एका खोलीत बोलावतो. "खुनी उशिरा सापडला तर वाचक रागावून उतरतो," रायर समजावतात. "लवकर सापडला तर तो झोपतो, आणि कंडक्टर त्याला उठवतो तेव्हा बस परत तंजावरला निघालेली असते." कुंभकोणमचा रस्ता याहून छोटा, म्हणून त्या वाटेच्या प्रवाशांसाठी चार फर्म्यांची वेगळी कादंबरी काढावी, असं त्यांनी सुचवून पाहिलं होतं. प्रकाशक म्हणाला, कुंभकोणमची माणसं शेजाऱ्याचं पुस्तक वाचतात.

या विद्येची गुरुपरंपरा रायर मोठ्या अदबीनं सांगतात. मूळ पुरुष वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार. वडुवूर हे तंजावरहून मन्नारगुडीच्या रस्त्यावरचं गाव. आता तिथल्या तळ्यावर पक्षी बघायला लोक जातात. अय्यंगारांचा जन्म १८८० चा. सरकारी नोकरी होती, ती सोडून त्यांनी कादंबऱ्यांचा कारखाना काढला, त्यासाठी 'मनोरंजिनी' नावाचं मासिक चालवलं. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सच्या कथानकांना धोतर नेसवून कावेरीकाठी बसवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांचा 'दिगंबर सामियार' हा संन्याशी गुप्तहेर इतका चालला, की १९५० साली सेलमच्या मॉडर्न थिएटर्सनं त्यावर चित्रपट काढला आणि त्यात एम. एन. नंबियार यांनी दहाहून अधिक वेश पालटले. पुढची पायरी देवन यांची. तिरुविडैमरुदूरचे महादेवन, 'आनंद विकटन'चे संपादक. त्यांचा सांबू हा बँकेतला कारकून, बावळट म्हणून प्रसिद्ध. तो जिथं अडखळून पडतो नेमका तिथंच चोरीचा माल निघतो आणि जग त्याला महान गुप्तहेर समजतं. पुढं हाच सांबू चित्रमालिकेत उतरला तो गोपुलूंच्या कुंचल्यातून, आणि गोपुलू जन्मानं तंजावरचे. त्यानंतर पट्टुक्कोट्टै प्रभाकर. त्यांच्या भरत आणि सुशीला या जोडीनं कितीतरी गुन्हे उकलले, पण कॉलेजातली पोरं पुस्तक उघडायची ती सुशीलाच्या टी-शर्टवर या वेळी काय लिहिलंय ते बघायला. "मी नायिकेला नऊवारीत ठेवलं," रायर खिन्नपणे म्हणतात. "नऊवारीवर मजकूर लिहायला जागा भरपूर होती. तेव्हा सुचलं नाही."

मराठी पाहुणा आला, की त्यांना महाराष्ट्राची खबर हवी असते. अर्नाळकरांचं नाव त्यांना ठाऊक असतं. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांच्यासह हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, हे पाहुणा अभिमानानं सांगतो. रायर डोळे मिटून ऐकतात आणि एकच प्रश्न विचारतात, "फर्मे किती?" हा प्रश्न ते कुठल्याही ग्रंथाबद्दल विचारतात, ज्ञानेश्वरीबद्दलही विचारून झाला आहे. कोईमतूरच्या राजेशकुमारांचा आकडा दीड हजाराच्या पुढं गेला, याचं मात्र त्यांना कौतुक कमी आणि संशय जास्त. "तिथं सिरुवाणीचं पाणी आहे हो. ते पिऊन कुणीही लिहील. आमच्या कावेरीला पाणी कर्नाटकानं सोडलं तर."

आपल्या पीछेहाटीचा ठपका ते असा धरणांवर ठेवत असले, तरी घराण्याबद्दल तक्रार नाही. तंजावरच्या राजांनाच लिहिण्याचा अनावर नाद होता, ही त्यांची ढाल. शहाजीराजांनी १६८४ ते १७१२ या कारकिर्दीत राज्यही केलं आणि तेलुगू, मराठी अशा भाषांतून नाटकांवर नाटकंही लिहिली. सांगलीला विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ चं. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी इथं मराठी नाटक होत होतं, हे रायर पुणेकराला दोनदा ऐकवतात. याच राजानं तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना इनाम दिलं. "गाव!" रायर बोट वर करतात. "आम्हाला एकरकमी पैसे, तेही अर्धे पुढच्या महिन्यात. हा राजा आज असता तर मी वर्षाला तीस काढल्या असत्या." सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. हा प्रचंड शिलालेख वाचकाला उभं राहून, मान वाकडी करून वाचावा लागतो, म्हणून रायरांच्या लेखी ती निर्मितीची चूक आहे. "मजकूर चांगला. पात्रं पुष्कळ. पण दगडाला फर्मे नसतात, त्यामुळं लेखकाला थांबायचं भान राहत नाही."

सांबाराचा विषय मात्र काढू नये. संभाजीराजे तंजावरला आले, आमसुलं नव्हती, म्हणून चिंच घातली, त्यातून सांबार झालं, ही कथा पाहुण्यानं सांगितली, की रायरांमधला इन्स्पेक्टर जागा होतो. "डाळ मिळाली, चिंच मिळाली, हेतूही मिळाला. साक्षीदार एक नाही. हे प्रकरण कोर्टात उभं राहणार नाही."

कॉमिक्सकडं ते वळले ते प्रकाशकाच्या आग्रहानं. शिवकाशीहून १९७२ साली मुत्तू कॉमिक्स निघालं, ते ब्रिटिश चित्रकथेतला पोलादी पंजाचा नायक तमिळ नाव देऊन घेऊनच. विजेचा धक्का बसला की हा गृहस्थ अदृश्य होई आणि हवेत नुसता पंजा दिसे. १९८४ मध्ये त्याच घरातून लायन कॉमिक्स आलं, त्याच वर्षी राणी कॉमिक्स आलं, आणि तमिळनाडूतली पोरं गणिताच्या वहीखाली काऊबॉय वाचू लागली. या धंद्यात चित्रं परदेशातून येतात आणि बोलणं गावात भरतात. रायरांना त्यात कमीपणा वाटला नाही. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' म्हणून मराठीत छापल्या गेल्या, तेव्हाही कोल्हा ग्रीसचा आणि बोली तंजावरची होती. अडचण वेगळीच निघाली. बोलण्याचे फुगे इंग्रजीच्या मापाचे, आणि तमिळ क्रियापद एकटंच फुगा भरून बाहेर येतं. "मी तुला सोडणार नाही, कारण तू माझ्या बापाला मारलंस" हे लिहायला जावं, तर काऊबॉयच्या टोपीवर अक्षरं चढत. रायरांनी छाटायला सुरुवात केली. बाप गेला, कारण गेलं, शेवटी फुग्यात उरलं ते "थांब!" पिस्तुलाचं "डुमील" मात्र त्यांनी कधी कापलं नाही; त्यावर पोरांचा हक्क आहे, असं ते मानत.

पुढं स्वतःचा नायक काढायची संधी मिळाली, तेव्हा रायरांनी तंजावरची शान राखली. इथली मान डोलावणारी बाहुली जगप्रसिद्ध आहे. बुड जड, ढकललं तरी पडत नाही, पडली तरी उठते. त्यांनी त्याच गुणांचा महानायक रचला. खलनायक त्याला ढकली, तो उठे. परत ढकली, परत उठे. दुसऱ्या अंकापर्यंत पोरं खूष होती. तिसऱ्या अंकात लक्षात आलं, की न पडणाऱ्या माणसाची गोष्ट पुढं सरकत नाही. शिवाय तो सारखी मान डोलवायचा, त्यामुळं खलनायक दरोड्याचा बेत सांगे आणि हा होकार देतोय असं चित्रात दिसे. चौथ्या अंकानंतर महानायक निवृत्त झाला.

कॉमिक्सनं घरावर मात्र कायमचा परिणाम केला. रायर फुग्याच्या मापात बोलू लागले. वहिनी विचारत, "अहो, दूध आणलंत का?" उत्तर येई, "नाही!" "का?" "विसरलो!" पुढं गप्प राहून ते छताकडं बघू लागले, की वहिनी म्हणत, "ढगात काय लिहिलंय तेही बोलून टाका."

वहिनींशिवाय हा कारखाना एक महिना चालला नसता. त्यांच्याकडं एक लांबट हिशेबाची वही आहे. घरात तिला मयतांचं रजिस्टर म्हणतात. महिना, मयताचं नाव, वय, हत्यार, खुनी, आणि शेवटच्या रकान्यात 'परत येऊ शकतो का' याचं उत्तर. हे रजिस्टर सुरू होण्याआधी एक कमिशनर तीन कादंबऱ्यांत तीनदा गेला होता आणि वाचकांची पत्रं पोत्यानं आली होती. आता रायर चहाच्या वेळी बेत मांडतात आणि वहिनी डांगर पच्चडी कालवताना निकाल देतात. "विष नको. दोन महिने लागोपाठ विष झालं. गळा दाबा." "दाबायला वेळ लागतो, दीड पान जातं." "मग जिन्यावरून ढकला, पण आमच्यासारखा जिना नको. मागल्या वेळी मोलकरणीनं काम सोडलं." शेजाऱ्यांनाही या वहीची धास्ती आहे. ज्याच्याशी पाण्यावरून वाजलं, त्याचं नाव पुढच्या महिन्यात पहिल्या प्रेताला मिळतं, हे गल्लीला ठाऊक आहे. तरी काही जण मुद्दाम मिठाई घेऊन येतात आणि हळूच विचारतात, नातवाचं नाव इन्स्पेक्टरला देता येईल का.

एकदा गावातल्या वाचनप्रेमींनी रायरांचा सत्कार केला. शाल आली, चंदनाचा हार आला, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी बोलताना साहित्याचा मोठेपणा संख्येत नसतो हे सांगितलं आणि दाखला मौनींचा दिला. याच कावेरीकाठचे मौनी, कुंभकोणम आणि चिदंबरमला राहिलेले, १९०७ ते १९८५ एवढं आयुष्य, आणि कथा जेमतेम चोवीस. सभागृह गंभीर झालं. रायर व्यासपीठावर बोटं मोजत होते. उत्तरादाखल उठले आणि म्हणाले, "चोवीस म्हणजे माझं दोन वर्षांचं काम. पण मौनींची एक कथा मी दरवर्षी वाचतो. तिच्यात चार-चार पानं काही घडत नाही. मला एक पानसुद्धा काही न घडवता सोडायची छाती होत नाही. वल्लमलाच पुस्तक मिटेल." प्राध्यापक हसले नाहीत, त्यांनी टाळी वाजवली.

सत्कार संपल्यावर एक फूलवाली बाई पुढं आली. नवरा महिनाभर इस्पितळात होता, म्हणाली, रात्ररात्र वॉर्डाबाहेर बसून असायची. डॉक्टर यायचे, जायचे, काय झालंय ते कुणी धड सांगायचं नाही. तेव्हा तुमची पुस्तकं वाचायची. त्यात शेवटी कुणीतरी सगळ्यांना बसवून सगळं नीट समजावून सांगतो. रायरांनी विचारलं, "कुठली वाचलीत?" ती म्हणाली, "नावं कोण लक्षात ठेवतो? जी टपरीवर असेल ती." रायरांना शालीपेक्षा हे बोलणं जास्त मानवलं. घरी येऊन त्यांनी वहिनींना रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखायला लावला: 'खुलासा कळला का'. तेव्हापासून त्यांचा इन्स्पेक्टर कॉफी कमी पितो आणि शेवटच्या खोलीत जरा सावकाश बोलतो.

अलीकडं टपरीवरची दोरी आखडली आहे. कादंबऱ्यांच्या चिमट्यांना आता चिप्सची पाकिटं लटकतात आणि बसमध्ये सगळ्यांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या असतात. त्यांच्या पिढीतले पुष्कळ जण चित्रपटांकडं आणि दूरदर्शन मालिकांकडं गेले, आणि मालिकेचा एक निर्माता चेन्नईहून गाडी घेऊन रायरांच्या दारातही आला होता. मानधन ऐकून वहिनींनी दुसऱ्यांदा कॉफी टाकली. रायरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खुनी कधी सापडतो?" निर्माता म्हणाला, "चाललं तर चार वर्षं सापडू द्यायचा नाही." रायरांनी टंबलर खाली ठेवला. "मग मला जमायचं नाही. माझ्या माणसाला तिरुचीला उतरायचं असतं."